दुसरा फटका

जुन्या हिंदी सिनेमात डोक्याला मार बसण्याचे नियम ठरलेले असायचे. पहिला फटका बसला की स्मृती गायब. कपाळाभोवती पांढरी पट्टी, पट्टीच्या कोपऱ्यात एक व्यवस्थित लाल ठिपका, आणि शुद्धीवर आल्यावर ‘मैं कहाँ हूँ?’ मग दीड तास गाणी, गैरसमज, आईचे अश्रू. शेवटच्या मारामारीत कुणीतरी डोक्यात दुसरा दंडुका घालायचं आणि हिरोला सगळं लख्ख आठवायचं. रविवारी दुपारी टीव्हीवर हे बघताना आमच्या घरात सगळे हसायचे, आणि थोडा विश्वासही ठेवायचे. नंतर ‘गजनी’ (२००८) आला. त्यात दुसऱ्या फटक्यानं बरं होण्याची सोय नव्हती, तेवढं तरी बरं. पण तिथंही लोखंडी रॉडनं नेली ती फक्त स्मृती. बाकी ताकद, नेम, राग, सूड सगळं शाबूत, उलट एट पॅक वाढीव. मेंदू म्हणजे जणू पेनड्राइव्ह, फार तर एखादं फोल्डर उडेल.

खऱ्या मेंदूचा हिशोब उलटा असतो. पहिल्या फटक्यातून तो बहुतेक वेळा सावरतो. भीती असते दुसऱ्याची.

आपल्याकडे ‘मुका मार’ असा एक नेमका शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही, पण मार बसलाय. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. डोकं वेगात असताना अचानक थांबतं, आतला मेंदू हिंदकळतो, पेशींचे लांब धागे ताणले जातात. पेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांचा तोल बिघडतो. तो परत बसवायला एकदम जास्त ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावलेला असतो. सीटी स्कॅन मात्र बहुतेकदा स्वच्छ येतो, कारण इमारत उभीच असते, बिघडलेला असतो तो आतला कारभार. अशा ओढगस्तीत मेंदू काही दिवस, कधी काही आठवडे काढतो. त्या दिवसांत दुसरा फटका बसला, अगदी किरकोळ का असेना, तर क्वचित काही जणांच्या मेंदूला बघता बघता सूज येते. हे बहुतेक करून किशोरवयीन किंवा विशीतल्या खेळाडूंच्या बाबतीत घडलंय. १९८४ साली डॉक्टरांनी याला ‘सेकंड इम्पॅक्ट’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. हा स्वतंत्र आजार मानायचा का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. मुलं दगावली आहेत, यावर नाहीत.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मला ज्या डॉक्युमेंटरीबद्दल लिहायचंय ती सबंधच्या सबंध एका न बसलेल्या फटक्याबद्दल आहे. लूसी वॉकरची ‘द क्रॅश रील’ (२०१३). (पुढे स्पॉयलर आहेत. पण या गोष्टीचा शेवट माहीत असूनही मी ती दोनदा जीव मुठीत धरून बघितलीय, त्यामुळे बिनधास्त वाचा.)

केविन पिअर्स हा अमेरिकेतल्या व्हरमाँटचा स्नोबोर्डर. २००९मध्ये तो २२ वर्षांचा होता आणि शॉन व्हाइट या त्या खेळातल्या सुपरस्टारला टक्कर देऊ शकतील अशा मोजक्या पोरांपैकी एक होता. हाफपाइप म्हणजे बर्फात कोरलेली अर्ध्या नळीसारखी लांब घळ, तिच्या भिंती २२ फूट उंच. त्या भिंतीवरून हवेत उडायचं, गिरक्या घ्यायच्या आणि परत त्याच उतारावर उतरायचं. फेब्रुवारी २०१०मध्ये व्हँकूव्हरचं ऑलिंपिक होतं. शॉनसाठी रेड बुलनं कोलोरॅडोच्या डोंगरात खासगी हाफपाइप बांधून दिली होती, तिथं तो नव्या गिरक्या घोटवत होता. म्हणजे बाकीच्यांनाही त्या करणं भाग होतं. ३१ डिसेंबर २००९ रोजी युटा राज्यातल्या पार्क सिटीत सराव करताना केविननं अशीच एक दुहेरी गिरकी घेतली आणि तो डोक्यावर आपटला. हेल्मेट होतं. हेल्मेटनं जीव वाचवला, मेंदू वाचवला नाही. कवटी फुटू न देणं हे हेल्मेटचं काम. आत मेंदू हिंदकळणं ते फारसं थांबवू शकत नाही.

स्पष्ट सांगायला हवं की केविनची इजा कन्कशनच्या कितीतरी पुढची होती. हेलिकॉप्टरनं रुग्णालय, कोमा, मग डेन्व्हरजवळच्या क्रेग हॉस्पिटलमध्ये काही महिन्यांचं पुनर्वसन. शॉन व्हाइट व्हँकूव्हरला सुवर्णपदक घेत होता तेव्हा केविन चालणं नव्यानं शिकत होता. डोळ्यांना एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या. स्मृतीला भोकं पडली होती. आणि थोडं बोलता यायला लागल्यावर त्याचं म्हणणं एकच होतं: मला परत बोर्डवर जायचंय.

इथून वॉकरची खरी फिल्म सुरू होते. तोवरची पंचवीस-तीस मिनिटं आपण एक झकास स्पोर्ट्स फिल्म बघत असतो. दोन प्रतिस्पर्धी, मित्रांची टोळी, निळं आकाश, हृदयाचे ठोके वाढवणारं संगीत. या प्रकारच्या सिनेमाची सवय आपल्याला पक्की आहे. खेळाडू पडतो, सगळे म्हणतात संपला, तो पावसात पळतो, दोर ओढतो, आणि शेवटी स्टेडियम उभं राहतं. ‘कमबॅक’ हा शब्द मराठीत भाषांतर न करता रुळलाय, इतका तो आपला झालाय. केविन ट्रेडमिलवर पहिली पावलं टाकतो तेव्हा माझ्या डोक्यात ते पार्श्वसंगीत आपोआप वाजायला लागलं. जा रे, दाखव त्यांना. मग हळूहळू लक्षात येतं की या गोष्टीत त्याचं परत जाणं हीच शोकांतिका असेल. डॉक्टर त्याला समोर बसवून सांगतात की डोक्याला आणखी एक मार बसला तर तू वाचशील याची खात्री नाही. ज्या जिद्दीला आपण एरवी शिट्ट्या वाजवतो, तीच जिद्द इथं खलनायकाच्या जागी येऊन बसते. खलनायक माणूस असता तर त्याला हरवता तरी आलं असतं.

खेळाडूंच्या मेंदूवर सिनेमे इतरही आहेत. सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे ‘कन्कशन’ (२०१५), ज्यात विल स्मिथनं डॉ. बेनेट ओमालूचं काम केलंय. पिट्सबर्गमध्ये २००२ साली वारलेल्या माइक वेबस्टर या अमेरिकन फुटबॉलपटूचा मेंदू ओमालूंनी तपासला आणि वर्षानुवर्षांच्या धडकांनी त्यात काय होत गेलं ते २००५मध्ये जगापुढे मांडलं. गोष्ट महत्त्वाचीच आहे, पण सिनेमा सोपा आहे. एक सज्जन डॉक्टर, एक धनदांडगी फुटबॉल लीग, आणि मेंदू टेबलावर, काचपट्ट्यांवर, म्हणजे मेलेल्यांचे. मेलेला मेंदू वाद घालत नाही. वॉकरच्या डॉक्युमेंटरीतला मेंदू जिवंत आहे, तो टेबलाच्या या बाजूला बसून म्हणतोय की मी ठणठणीत आहे, तुम्हीच सगळे घाबरट आहात.

मला ही फिल्म मोठी वाटते ती या पेचामुळे. केविन बरा आहे की नाही हे ठरवायचं कोणी? ठरवायचं यंत्र म्हणजे त्याचा मेंदू, आणि इजा नेमकी तिथंच. माझ्या कामात याला अगदी रोजची उपमा आहे. सर्व्हर नीट चालतोय का, हे फक्त त्याच सर्व्हरला विचारून भागत नाही. तो अर्धा बंद पडलेला असताना ‘सगळं ओके’ असा निरोप पाठवू शकतो. म्हणून तपासणारा बाहेरचा लागतो. केविनच्या बाबतीत बाहेरचे म्हणजे आई पिआ, वडील सायमन आणि तीन मोठे भाऊ. (सायमन पिअर्स व्यवसायानं काच फुंकून वस्तू घडवणारे कारागीर आणि त्या नावाच्या कंपनीचे मालक. आता इथं काच आणि कवटी अशी उपमा सुचायचा धोका आहे, तो मी टाळतोय.) उपमा इथंच संपते, कारण सर्व्हरला राग येत नाही. केविनला येतो. तो सज्ञान आहे, त्याचं आयुष्य त्याचं आहे, आणि घरचे त्याला सांगतायत की तुझ्या निर्णयावर आमचा भरवसा नाही. कुठल्याही विशीतल्या पोराला हे ऐकवून बघा.

जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग या फिल्मचा कणा आहे. कुणी ओरडत नाही, भांडी आपटत नाहीत. सगळे समजूतदार आहेत, शब्द निवडून बोलतायत, आणि तरी कुणीही केविनपर्यंत पोचत नाही. मग भाऊ डेव्हिड बोलतो. डेव्हिडला डाउन सिंड्रोम आहे. बाकीचे धोका, शक्यता, जबाबदारी असल्या शब्दांना धरून बसलेले असताना तो सरळ म्हणतो की तू मरशील याची मला भीती वाटते. वॉकर कॅमेरा हलवत नाही, संगीत चढवत नाही. ज्या माणसाच्या बुद्धीबद्दल जग जन्मापासून शंका घेत आलंय, त्या खोलीत सगळ्यात स्वच्छ विचार तोच करतोय. दुसऱ्या कुठल्या दिग्दर्शकानं या योगायोगाचं रडकं प्रदर्शन मांडलं असतं. वॉकरनं डेव्हिडला आधीपासून, अगदी फिल्मच्या सुरुवातीपासून, नुसता एक भाऊ म्हणून वावरू दिलंय, म्हणून त्याचं बोलणं काळजात जातं.

इथं एक आठवण सांगतो, कारण ही फिल्म बघताना ती सारखी मध्ये येत होती. इंजिनिअरिंगला माझा एक रूम पार्टनर कॉलेजच्या कबड्डी टीमचा रेडर होता. सेमीफायनलला त्याचं आणि समोरच्या डिफेंडरचं डोकं आपटलं. ‘ठण्ण’ असा आवाज मैदानाबाहेर ऐकू आला होता. तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी कांदा हुंगवला, कोचनं विचारलं, “खेळतो का?” तो म्हणाला, “हो सर.” दुसऱ्या दिवशी फायनल, तीही तो खेळला, त्यातही पडला. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन होस्टेलला आणलं, कप जिंकला होता. पुढचे तीन-चार महिने तो खोलीत ट्यूबलाइट लावू द्यायचा नाही. मेसमधल्या गोंगाटाला वैतागून डबा खोलीत मागवायचा. वाचायला बसला की अर्ध्या तासात डोकं धरायचा. त्या सेमिस्टरला तीन विषय राहिले. घरी फोनवर त्याला जे ऐकावं लागायचं त्यातला ‘माज’ हा शब्द मला माझ्या बेडवर ऐकू यायचा. त्या विषयांचं कारण तेच होतं असा निदान करायचा अधिकार मला नाही. पण पाय मोडला असता तर प्लास्टरवर सगळ्या वर्गानं सह्या केल्या असत्या आणि घरून लाडू आले असते, एवढं मी खात्रीनं सांगतो. मुक्या माराला प्लास्टर नसतं.

आणि बरं होण्याबाबत नवं संशोधन जे सांगतंय ते यापेक्षा वेगळं आहे, आणि गंमत म्हणजे अंधाऱ्या खोलीच्याही विरोधात आहे. पूर्वी डॉक्टरही सांगायचे: पडदे लावा, पुस्तक बंद, मोबाइल बंद, लक्षणं जाईपर्यंत पडून राहा. ऑक्टोबर २०२२मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले, त्यांच्या २०२३च्या निवेदनानं हे मोडीत काढलं. पहिले २४ ते ४८ तास बेतानं घ्यायचं, मग हलकं चालणं, सायकल, लक्षणं फार वाढणार नाहीत इतपत. मग पायरीपायरीनं वर, सहा पायऱ्या, प्रत्येकीला साधारण निदान एक दिवस. धक्काबुक्कीचा सराव डॉक्टरांच्या परवानगीनंतरच, आणि पूर्ण शाळा आधी, पूर्ण खेळ नंतर. २०१९मध्ये १०३ किशोरवयीन खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात लक्षणं न चाळवणारा हलका व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी १७. चार दिवसांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, परीक्षेच्या आधीचे चार दिवस आठवून बघा. पण या सगळ्या पायऱ्यांची गंमत अशी की त्या प्रामाणिक उत्तरांवर उभ्या आहेत. आज डोकं दुखलं का? चक्कर आली का? आणि उत्तर देणारा तोच, ज्याला उद्याची फायनल खेळायचीय.

म्हणून अमेरिकेतल्या कायद्यानं खेळाडूला विचारणंच थांबवलं. २००६मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट नावाचा १३ वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल सामन्यात डोक्यावर आपटला, थोडा वेळ बसला, परत उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. तो वाचला, पण पुढची कित्येक वर्षं पुनर्वसनात गेली. २००९मध्ये त्याच्या नावानं कायदा झाला: नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं, आणि आरोग्य क्षेत्रातल्या अधिकृत माणसाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. कॅनडातल्या ओंटारिओनं २०१८मध्ये ‘रोवन्स लॉ’ केला तो रोवन स्ट्रिंगरमुळे. ती ऑटावाच्या शाळेच्या रग्बी टीमची कर्णधार, वय १७. मे २०१३मध्ये एका आठवड्यात तिच्या डोक्याला एकापाठोपाठ मार बसले आणि शेवटच्या सामन्यानंतर ती वाचली नाही. नंतर तिच्या फोनमध्ये सापडलं की तिनं कन्कशनबद्दल शोधलं होतं. मैत्रिणींना मेसेजही केले होते, डोकं दुखतंय, हे तेच असेल का. हातात फोन होता, फोनमध्ये उत्तर होतं, आणि ती खेळली. आपली पिढी ज्याला ‘अवेअरनेस’ म्हणते त्याच्याबद्दल माझा उत्साह हे वाचल्यापासून जरा कमी झालाय. माहिती तिच्याकडे होती. तिला हवं होतं ते ‘आज तू खेळणार नाहीस’ म्हणणारं माणूस.

केविनकडे अशी पाच माणसं होती. इथं माझी वॉकरबद्दलची पहिली तक्रार. पिअर्स कुटुंब सुखवस्तू आहे. भाऊ कामधंदा बाजूला ठेवून उशाशी बसू शकतात, उत्तम पुनर्वसन रुग्णालय मिळतं, आई-वडील शांतपणे वाट बघू शकतात. पैशाचा प्रश्न डॉक्युमेंटरीत येतो, पण कडेकडेनं. जानेवारी २०१२मध्ये सारा बर्क ही कॅनडाची फ्रीस्टाइल स्कीअर त्याच पार्क सिटीच्या हाफपाइपमध्ये पडली आणि नऊ दिवसांनी गेली, वय २९. स्त्रियांचं हाफपाइप स्कीइंग ऑलिंपिकमध्ये यावं म्हणून जिनं जिवाचं रान केलं, तिच्या उपचाराच्या बिलासाठी लोकांना ऑनलाइन पैसे जमवावे लागले. प्रायोजकाच्या सरावात पडलेल्या खेळाडूचा विमा कुणी उतरवायचा, हा प्रश्न वॉकरनं धरून ठेवायला हवा होता. एनर्जी ड्रिंकचा लोगो हेल्मेटवर असतो, हेल्मेटच्या आत काय झालं याच्याशी त्याचा संबंध नसतो. वॉकर हे दाखवते आणि पुढे सरकते.

दुसरी तक्रार मोठी. नावातच ‘रील’ आहे. स्नोबोर्डर आपल्या आपटण्यांच्या क्लिप जोडून बघतात, एकमेकांना दाखवतात, तो क्रॅश रील. २०१३मध्ये रील हा शब्द आपल्या अंगठ्याखाली आलेला नव्हता. आज ही फिल्म बघताना तिच्यातला तो भाग अंगावर येतो जिथं एकामागोमाग एक माणसं हवेतून खाली कोसळतात, माना वळतात, अंगं चेंडूसारखी उसळतात. वॉकरचा हेतू मला कळतो: बघा, हेच तुम्ही टाळ्या वाजवून बघता. पण हेतू काहीही असो, संकलन थरारकच आहे. माझा हात पॉपकॉर्नच्या वाटीत थांबला होता आणि डोळे थांबले नव्हते. केविनचा अपघातही आपल्याला दाखवला जातोच. त्याउलट ज्यासाठी ही फिल्म आहे ते, म्हणजे सावरणं, तिला तेवढं सुंदर करता आलेलं नाही. सावरण्यात दृश्य नसतं. सकाळी उठून कालचं काय आठवतं ते लिहायचं, दुकानात काय आणायला आलो ते विसरायचं, मित्र हसले की का हसले हे दोन सेकंद उशिरा कळायचं. अशा शेकडो मंगळवारांची डॉक्युमेंटरी कोण बघेल? वॉकर त्यांना काही तुकड्यांत गुंडाळते. दोन वर्षं सरतात आणि प्रेक्षकाला ती दोन वर्षं वाटत नाहीत.

एक प्रसंग मात्र तिनं हातचा सोडला नाही. केविन अशा एका तरुण स्नोबोर्डरला भेटायला जातो ज्याच्या मेंदूला पहिल्यांदा मार बसला होता, तो सावरला, परत खेळायला गेला, आणि दुसऱ्यांदा बसला. केविन त्याच्याशी बोलतो, त्याच्या घरच्यांचे चेहरे बघतो. कुणी उपदेश करत नाही. जे डॉक्टरांच्या आकड्यांनी, आईच्या रडण्यानं आणि डेव्हिडच्या बोलण्यानं पुरतं झालं नव्हतं, ते इथं केविनच्या चेहऱ्यावर होताना दिसतं. त्याच्यासमोर त्याचाच दुसरा फटका बसलेला असतो.

तुम्ही म्हणाल, बर्फ, हाफपाइप, अमेरिका, याचा आपल्याशी काय संबंध. मग क्रिकेटकडे या. ४ डिसेंबर २०२०, कॅनबेरा. पहिल्या टी-ट्वेंटीत स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला लागला. डावानंतर त्याच्या जागी कन्कशन सब्स्टिट्यूट म्हणून चहल आला, २५ धावांत ३ बळी घेऊन सामनावीर झाला. ऑस्ट्रेलियाचा कोच लँगर मॅच रेफरीशी हुज्जत घालताना आपण सगळ्यांनी बघितलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस राडा चालू होता: फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी अख्खा लेगस्पिनर चालतो का, आपण हुशारी केली की नियम वाकवला. जडेजाचं डोकं कसं आहे, हा मुद्दा शे-दोनशे मेसेजमध्ये मला सापडला नाही.

चारच दिवसांनी सिडनीत सराव सामन्यात आपल्या कार्तिक त्यागीचा बाउन्सर विल पुकोव्स्कीच्या हेल्मेटवर बसला. पुकोव्स्की तेव्हा २२ वर्षांचा, ऑस्ट्रेलियाचा पुढचा मोठा सलामीवीर म्हणून गाजत असलेला. शाळेत असताना फुटबॉल खेळताना त्याच्या डोक्याला पहिला मोठा मार बसला होता, तेव्हापासून कन्कशनची मोजणी चालूच होती. त्याची गोष्ट केविनपेक्षाही अवघड आहे. काही प्रसंगांत लक्षणं मेंदूच्या इजेची किती आणि मनावरच्या ताणाची किती, हे २०२२मध्ये तज्ज्ञांच्या पॅनेललाही तपासावं लागलं. कुणी म्हणे कमकुवत आहे, कुणी म्हणे डोक्यात आहे. डोक्यातच होतं, हा त्यातला कडवट विनोद. मार्च २०२४मध्ये होबार्टला रायली मेरेडिथचा चेंडू हेल्मेटवर बसला, आणि एप्रिल २०२५मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्यानं रेडिओवर सांगितलं की आता कुठल्याच पातळीवर क्रिकेट खेळणार नाही. प्रथम श्रेणीत ४५च्या वर सरासरी, सात शतकं, आणि एक कसोटी. रोजचा थकवा, डोकेदुखी, गाडी लागल्यासारखं होणं, हे त्यानं हिशोब द्यावा तसं सांगितलं. कमबॅकचा क सुद्धा नाही. त्याच्या-माझ्या वयात फारसं अंतर नाही. मी त्या आठवड्यात अप्रेझलच्या फॉर्ममध्ये पुढच्या पाच वर्षांची उद्दिष्टं भरत होतो.

विल पुकोव्स्कीवर अजून सिनेमा निघालेला नाही. निघाला तर काय होईल याची मला धास्ती आहे. हेल्मेटवर चेंडू बसण्याचे सगळे क्षण स्लो मोशनमध्ये, सात कोनांतून. आणि निवृत्तीचा शेवट फारच उदास वाटला तर अकादमीत मुलांना शिकवताना उगवता सूर्य. वॉकरला निदान हा सूर्य नाकारता आला. डिसेंबर २०११मध्ये केविन ब्रेकेनरिजला पुन्हा बर्फावर उतरतो, सोबत मित्र असतात, आणि तो क्षण विजयाचा आहे की निरोपाचा, हे ती आपल्यावर सोडते. तो स्पर्धेत परतला नाही. २०१४मध्ये केविन आणि भाऊ ॲडम यांनी ‘लव्ह युअर ब्रेन’ ही संस्था काढली. मेंदूच्या इजेतून सावरणाऱ्यांसाठी ती योगवर्ग आणि शिबिरं घेते. म्हणजे डॉक्युमेंटरी जिथं थांबली तिथून पुढचे ते शेकडो मंगळवार या भावांनी कामाला लावले. त्यांच्यावर कुणी रील बनवत असेल तर माझ्या फीडमध्ये अजून आलेली नाही.

पुकोव्स्कीची ती एकुलती एक कसोटी मात्र फोनवर कधीही बघता येते. जानेवारी २०२१, सिडनी, आपल्याविरुद्धच. आपल्याला ती पाचव्या दिवसासाठी आठवते, विहारी आणि अश्विननं वाचवलेली म्हणून. पहिल्या दिवशी सलामीला तो होता. पंतनं त्याचे दोन झेल सोडले आणि त्यावरून पंतला किती शिव्या घातल्या गेल्या ते मला चांगलं आठवतं, त्यातल्या काही आमच्याच ग्रुपवरच्या होत्या. ६२ धावांवर नवदीप सैनीनं त्याला पायचीत केलं, सैनीचा तो पहिला कसोटी बळी. परवा हायलाइट्स पुन्हा लावल्या. ड्राइव्ह सुरेख आहेत, पुल आत्मविश्वासानं मारलेला आहे. चेंडू आखूड पडला की मी स्क्रीनकडे बघत मान खाली घालत होतो, आणि पंतच्या हातून झेल सुटले तेव्हा मला बरं वाटलं.